माशीचा गळ : साधने आणि साधना



कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहावे आणि बोलावे ते मासे धरण्याच्या काठीविषयी, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगार यांवर आम्ही या गावात पुष्कळ वेळा बोललो आहोत आणि पुढेही बोलूच. परंतु आजचा विषय त्या प्रश्नांपासून वाटतो तितका लांबचा नाही.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सहकारी यांना त्यासाठी काही वर्षे झगडावे लागले होते. तेव्हापासून कामगार संघटनांनी कामाच्या तासांसाठी, सुट्यांसाठी, निवृत्तीच्या फायद्यांसाठी भांडणे केली. पण भांडून मिळविलेल्या त्या वेळात माणसाने करावे काय, याचा विचार आम्ही मंडळींनी क्वचितच केला. आमच्याबरोबर अठ्ठावीस वर्षे काम केलेला एक फिटर स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला. रक्कम चांगली मिळाली होती. करार आम्हीच केला होता. वर्षभराने भेटला तेव्हा म्हणाला, "भाऊ, पैसे आहेत; पण हातांना काही नाही." पुढे तो फार दिवस जगला नाही. त्या वाक्याला द्यावयाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. नंतर एक उत्तर सापडले. ते एकमेव आहे असे नव्हे. पण जे आम्हांला आले, तेच सांगावे हे बरे.

ते उत्तर म्हणजे फ्लाय फिशिंग : गळाला गांडूळ किंवा कणीक न लावता पिसांची आणि दोऱ्याची कृत्रिम माशी बांधून मासा धरण्याची कला. ही साहेबी आणि महागडी कला आहे, असा समज आहे. ती महाग होते ती बहुतेक अज्ञानामुळे. आम्हांलाही ते अज्ञान पैसे मोजूनच कळले. तेवढे पैसे आपले वाचावेत, एवढाच या भाषणाचा हेतू.

वजन कोठे असते?

साध्या गळाला शिसे बांधलेले असते, किंवा आमिषालाच वजन असते. काठी फिरविली की ते वजन पुढे धावते आणि दोर त्याच्यामागून ओढला जातो. माशीला मात्र वजनच नसते. शेवरीची म्हातारी दगडासारखी फेकून पाहावी. ती हातभरसुद्धा जात नाही. मग ही माशी तीस-चाळीस फुटांवर जाते कशी? उत्तर असे, की या खेळात वजन दोरालाच असते. दोर जाड असतो, त्याच्यावर प्लॅस्टिकचा लेप असतो, आणि काठी जे फेकते ते दोराला. माशी नुसती शेवटी बसून प्रवास करते. सर्व साहित्य-निवड या एका वाक्यावर उभी आहे. हे वाक्य कळले नाही म्हणूनच नवशिका फसतो.

ही युक्ती जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन लिहून ठेविले आहे. ते लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत, तिला कोंबड्याची दोन पिसे लावीत आणि ठिपकेदार मासे धरीत. इंग्लंडात १६५३ साली आयझॅक वॉल्टनचे मासेमारीवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. वॉल्टन हा लंडनचा दुकानदार होता. १६७६ च्या आवृत्तीत त्याच्या मित्राने, चार्ल्स कॉटनने, माशीच्या गळावरचा भाग जोडला. पुढे चांगल्या ट्राउटच्या नद्या जमीनदारांच्या ताब्यात राहिल्या आणि ही कला बड्या लोकांची ठरली. शेफील्डच्या चाकू-सुऱ्या घडविणाऱ्या कामगारांनीही मासेमारीची मंडळे काढली होती. पण त्यांच्या वाट्याला बहुधा कालव्यांचे आणि संथ नद्यांचे पाणी आले, आणि आमिषाचा गळ. म्हणजे कलेत मुळात काही साहेबी नव्हते. साहेबी होता तो काठचा मालकीहक्क.

आमची फजिती

काही वर्षांपूर्वी जलविद्युत प्रकल्पांवरील कंत्राटी कामगारांच्या बैठकीसाठी आम्ही हिमाचल प्रदेशात कुलूकडे गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून तीर्थन नदीच्या काठी गेलो. ही नदी लारजीपाशी बियासला मिळते. काठावर एक म्हातारे गृहस्थ ट्राउट धरीत होते. त्यांचा दोर मागे जाई, हवेत सरळ होई, पुढे येई आणि पाण्यावर असा उतरे की पाणी हलत नसे. आम्ही तासभर पाहत राहिलो. परत आल्यावर एका मोठ्या शहरातील दुकानातून आम्ही ऐटदार काठी घेतली. एका महिन्याचे मानधन तीत गेले. दोर मात्र स्वस्तातला उचलला, कारण दोरासारखा दोर, त्यात काय पाहावयाचे!

महिनाभर रोज सकाळी वसाहतीच्या मैदानावर आम्ही हात हालवीत होतो. दोर पायांशी पडे, कानाभोवती गुंडाळे, पाठीवर फटका देई. दोष आपल्या हाताचा, असे मानून आम्ही अधिक जोर लावू लागलो. शेवटी एका जाणत्याने काठीवरचा आकडा दाखविला. तेथे ८ होता. दोराच्या वेष्टनावर ५ होता. दुकानदाराने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

हे आकडे काय आहेत ते पाहू. अमेरिकेतील मासेमारी-साहित्याच्या उत्पादकांनी १९६१ च्या सुमारास दोरांची मापे ठरविली. दोराच्या पहिल्या तीस फुटांचे वजन हे ते माप. ५ नंबरचा दोर १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. ८ नंबरचा २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक काठी ठराविक वजनाने वाकावी अशी घडविलेली असते. आठ नंबरच्या काठीला पाच नंबरचा दोर लावला की काठी वाकतच नाही. आणि न वाकलेली काठी म्हणजे न ओढलेले धनुष्य. बावीसच्या नटाला चोवीसचा पाना लावून 'नट फिरत नाही' म्हणणारा उमेदवार आणि आम्ही, यांत काही फरक नव्हता. ज्याने आयुष्यभर मापाची हत्यारे हाताळली त्याच्याकडून ही चूक व्हावी, याची आम्हांला आजही लाज वाटते.

निवड कशी करावी

म्हणून पहिला नियम : आधी दोर ठरवा, मग काठी. लहान-मध्यम नदीवरच्या ट्राउटसाठी नवशिक्याने ५ नंबर धरावा. दोर तरंगणारा घ्यावा. बुडणारा दोर पाण्यातून उचलणे नव्या हाताला जड जाते. पुढचा भाग जाड आणि मागचा बारीक असा 'वेट फॉरवर्ड' दोर शिकायला सोपा. दोन्ही टोकांना सारखा निमुळता असलेला 'डबल टेपर' दोर काटकसरीचा, कारण एक टोक झिजले की उलटा करून लावता येतो. पैसे जास्त घालावयाचे तर दोरात घाला. सामान्य काठी चांगल्या दोराने काम देते. उत्तम काठी वाईट दोराने काम देत नाही.

काठी नऊ फुटांची, चार तुकड्यांची असावी. तुकडे केल्यावर ती जेमतेम अडीच फुटांच्या नळीत मावते आणि रेल्वेच्या डब्यात बाकाखाली राहते. पूर्वी काठ्या लाकडाच्या, नंतर चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या आल्या आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या. आज बहुतेक काठ्या कार्बनच्याच असतात. दुकानात 'फास्ट' काठीची स्तुती होते. ती फक्त शेंड्याशी वाकते आणि हाताची वेळ अचूक मागते. नवशिक्याला मध्यापर्यंत वाकणारी काठी बरी. तिच्यात दोराचे वजन कधी भरले हे मुठीत कळते, आणि ते कळणे हाच पहिला धडा आहे. एक सूचना सुरक्षिततेची : कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा आभाळ गडगडत असता ही काठी उभी धरू नये.

रिळावर फार खर्च करू नये. लहान ट्राउटच्या खेळात रीळ म्हणजे मुख्यतः दोर ठेवण्याची चकरी. ती दोराच्या नंबराला जुळणारी असावी आणि अडखळत फिरू नये, एवढे पाहावे. दोराच्या मागे पन्नास ते शंभर यार्ड बारीक मजबूत धागा भरतात. मोठा मासा लांब पळाला तर तो उपयोगी पडतो, आणि त्यामुळे दोराची वेटोळी मोठी राहून तो कमी वळतो.

दोर आणि माशी यांच्यामध्ये सुमारे नऊ फुटांचा निमुळता नायलॉनचा धागा असतो. त्याला लीडर म्हणतात. तो दोराकडे जाड आणि माशीकडे केसासारखा असतो. जाड दोरातला जोर हळूहळू कमी होत माशीपर्यंत जातो, म्हणून माशी अलगद उतरते. त्याच्या टोकाची जाडी ५एक्स, ६एक्स अशी सांगतात. हा 'एक्स' कोठून आला? नायलॉनपूर्वी हा धागा रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून करीत. स्पेनमधील मुर्सिया हे त्या धंद्याचे मोठे ठिकाण होते. सोनार जशी तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून बारीक करतो, तसा तो धागा ओढीत, आणि जितक्या वेळा ओढला तितके एक्स. आज धागा ओढीत नाहीत, पण खूण राहिली. आमच्या कारखान्यातील मंडळींसाठी सोपा हिशेब असा : अकरातून एक्सचा आकडा वजा करा, उरतील तितके थाऊ जाडी. ५एक्स म्हणजे सहा थाऊ, सुमारे ०.१५ मिलिमीटर. नवशिक्याने ५एक्स घ्यावा. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाने धागा तापतो आणि नेमका तेथेच तुटतो.

आता माश्या. पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी, पाण्याखाली जाणारी ओली माशी, पाण्यातील किड्याच्या अळीसारखी निंफ, आणि लहान माशासारखी दिसणारी स्ट्रीमर, असे चार मुख्य प्रकार. गळाचा आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे ध्यानात ठेवावे. १६ हा १२ पेक्षा लहान. गळाच्या आकड्याला तिनाने भागले की साधारण किती एक्सचा धागा लावावा ते कळते. दुकानात शंभर माश्यांची पेटी पुढे ठेवतील. ती घेऊ नये. १२ ते १६ आकड्यांच्या चार-पाच जातींच्या मिळून डझनभर माश्या पुरतात.

आणि एक गोष्ट आमच्या धंद्याची म्हणून सांगतो. माशी यंत्रावर होत नाही. प्रत्येक माशी कोणीतरी हाताने बांधलेली असते. आज जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या माश्यांपैकी पुष्कळ केनिया, श्रीलंका, थायलंड अशा देशांत बांधल्या जातात, आणि बांधणारे हात बरेचसे स्त्रियांचे असतात. पेटी उघडताना तेवढी आठवण ठेवावी. स्वतः एक माशी बांधून पाहिली, की तिची खरी किंमत कळते.

हात कसा बसवावा

आता साधनांकडून साधनेकडे वळू. शिकायला पाणी लागत नाही. लागते ते गवताचे मैदान. दगडमातीवर दोराचा लेप झिजतो. माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हा नियम पुढे पाण्यावरही मोडू नये, कारण गळ मासा आणि डोळा यांत भेद करीत नाही.

सुमारे पंचवीस फूट दोर समोर सरळ पसरावा. काठीचे टोक जमिनीशी न्यावे आणि ढिला दोर ओढून घ्यावा. आपल्या बाजूला एक मोठे घड्याळ उभे आहे असे समजा; डोक्यावर बारा, पुढे दहा, मागे एक. काठी सावकाश उचलावी, वेग वाढवीत न्यावी आणि एकाच्या जागी खाडकन थांबवावी. मग काही करू नये. मागे दोर उलगडून सरळ होईपर्यंत वाट पाहावी. तो सरळ होताच पुन्हा सावकाश आरंभ, वाढता वेग, आणि दहाच्या जागी थांबा. दोर पुढे उलगडला की टोक हळूच खाली आणावे.

यात सर्वांत महत्त्वाचे काय, तर थांबणे. ओल्या ब्रशातला रंग समोरच्या भिंतीवर उडवावयाचा तर हात नुसता फिरवून भागत नाही. तो चटकन थांबवावा लागतो, तेव्हाच रंग सुटतो. काठी थांबते तेव्हा ती सरळ होते आणि दोराला फेकते. आम्ही जन्मभर 'जोर लावा' म्हणत आलो. येथे जोराला मान नाही, वेळेला आहे.

चुकाही ठराविक असतात. दोर मागे गवतावर पडत असेल, तर मनगट मोडून काठी फार मागे जाते आहे. चाबकासारखा फट् आवाज होत असेल, तर आपण मागे वाट पाहिली नाही. पाण्यावर त्याच आवाजासरशी माशी तुटून जाते. धाग्याला आपोआप गाठी पडत असतील, तर पुढे आणताना एकदम हिसका बसतो आहे. मान वळवून मागचा दोर पाहायला लाज वाटू देऊ नये. त्याहून बरे म्हणजे दुसऱ्याने आपल्याला पाहावे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे आम्ही युनियनच्या बैठकांत शिकलो आणि मैदानावर पुन्हा शिकलो. रोज पंधरा मिनिटे पुरेत. हात थकल्यावर केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

पाण्याकडे जाताना

काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून ट्राउट रुजविला गेला; त्यात श्रीनगरच्या गालिचा-कारखान्याचा मालक फ्रँक मिचेल याचा पुढाकार होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो कुलूकडेही आला. हिमाचलात ट्राउटसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना काढावा लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या महिन्यांत मासेमारी बंद असते. परवाना ही कटकट समजू नये. माशालाही हक्काची सुटी पाहिजे.

आपल्याकडे काय? १८३९ साली कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचे वर्णन केले. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील म्हसीरही होता. 'टोर खुद्री' हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. आज पुण्याखालच्या त्या पाण्याची दशा आपण जाणता. लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात म्हसीरची पैदास सुरू केली. महाडजवळच्या वाळण कोंडीत भाविक म्हसीरला देवाचे मासे मानून जपतात; तेथे गळ न्यावयाचा नसतो. राज्यातील पुष्कळ तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. अशा पाण्यावर जाण्यापूर्वी त्या संस्थेची परवानगी घ्यावी. आपला तो रविवारचा खेळ आहे, त्यांची ती सोमवारची भाकरी आहे. आणि म्हसीरसारख्या दांडग्या माशाला ५ नंबरची काठी पुरत नाही. ८ किंवा त्याहून मोठी लागते. म्हणजे आमची ती काठी वाईट नव्हती. तिला योग्य दोर नव्हता, आणि योग्य काम नव्हते. कारखान्यात ज्यांना आपण 'बिनकामाचा' म्हणून मोकळे होतो, त्यांच्यातील कित्येकांविषयी हेच म्हणता येईल.

मासा सोडून द्यावयाचा असेल तर गळाचा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा. हात ओले करूनच माशाला धरावे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. परवान्यात बसणारा मासा खावयाचा असेल तर खुशाल खावा. पण ते आधी ठरवावे, आणि खावयाचा असेल तर तडफडत ठेवू नये.

आता शेवटचे. हे सर्व एकट्याने घ्यावे असे मुळीच नाही. आमच्या वसाहतीत चौघांनी वर्गणी काढून एक ५ नंबरचा संच घेतला. रविवारी सकाळी एक फेकतो, तीन पाहतात आणि चुका सांगतात. त्यांतला एक निवृत्त टर्नर आहे. त्याने माश्या बांधायचा चिमटा लेथवर स्वतः करून आणला, आणि आता घरी चाळिशी लावून माश्या बांधीत बसतो. पहिली माशी त्याने आम्हांला आणून दाखविली तेव्हा तिचे एक पीस वाकडे होते. ते त्याने सांगण्यापूर्वीच पाहिले होते, आणि दुसरी बांधायला घेतली होती.

दोर आधी, काठी मग, हात रोज. इतके लक्षात राहिले तरी पुरे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी सातला मैदानावर यावे. काठी आम्ही आणू. चष्मा आपापला आणावा.